बुजवलेली बारव

पाण्याच्या बाबतीत आनंदराज भारी सोवळा. तालुक्याला मुखेडला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे दिवसभर बाटल्यांतलं पाणी बघायचं आणि संध्याकाळी घरचं पाणी उकळलं का ते विचारायचं. फिल्टरचंही पाणी तो उकळून घ्यायला लावी. "तुमच्यापायी पाण्याला बी ताप येतो," असं तारामती, त्याची बायको, म्हणायची. आठ वर्षांची लेक धम्मा लग्नाला गेली तरी स्वतःची बाटली घेऊन जाई. त्या पोरीच्या पोटात बाहेरचं घोटभर पाणी गेलं नव्हतं.

मे महिन्यात तिच्या घोट्यावर फोड आला. उन्हाळ्याचा फोड असेल म्हणून डॉक्टरांनी मलम दिलं. फोड फुटला आणि आतून उकडलेल्या शेवईसारखा पांढरा धागा डोकावला.

आनंदराजने धागा ओळखला. नारूचं चित्र त्याने फक्त पुस्तकात पाहिलं होतं. धम्मा जन्मायच्या कितीतरी आधी हा रोग देशातून हद्दपार झाला होता.

वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या गुणाबाईंना बोलावलं. त्यांच्या पोटरीवर तरुणपणीचे नारूचे व्रण होते. धम्माचा पाय मांडीवर घेऊन त्या खाली बसल्या.

"त्योच हाय." त्यांनी खराट्याची काडी मोडून धाग्याचं टोक तिच्यावर गुंडाळलं. "रोज बोटभर गुंडाळा. वढू नका, तुटला की पाय गेला. आन कितीबी आग होऊ द्या, पाण्यात पाय घालू देऊ नका. त्येला पाणीच पायजे असतं, पिल्लं सोडायला. मग त्ये पाणी जो पील, त्याला नारू."

"पण माय, नारू गावच्या पायऱ्यांच्या बारवंच्या पाण्यानं व्हायचा ना? बारव तर कवाच बुजवली," आनंदराज म्हणाला.

"आन बुजवायच्या आदी तरी तुमच्या वस्तीला कोन शिवू देत व्हतं तिथं?" म्हातारी खाली मान घालून म्हणाली.

खरंच होतं. आनंदराजचा आजा वाळूत झिरा उकरून पाणी प्यायचा आणि वरच्या आळीत नारू पसरला की मिशीत हसायचा. ज्या बारवेने आज्याला पायरीला पाय लावू दिला नाही, ती आता पणतीला बोलवायला आली होती. आनंदराजला याचा संताप आला, पण संताप करायचा कोणावर?

धागा रोज निघत राहिला, संपेना. पोरीचा पाय काडीसारखा झाला. नांदेडला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, तर आत जुना, भरून आलेला डाग फक्त. त्यांनी आनंदराजकडेच काळजीने पाहिलं. परतीच्या एसटीत, गाव दिसायला लागलं तशी धम्मा कळवळली. पट्टीतून पुन्हा धागा लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बाजेवर नव्हती.

ग्रामपंचायतीपुढच्या सिमेंटच्या पटांगणात ती सापडली. बारव होती ती याच जागी. आता शेजारी गावाची बोअर, तिच्यावर टाकी. आसपास चिटपाखरू नव्हतं. धम्मा अनवाणी उभी राहून दुखरा पाय पुढं सरकवत होती, अंधारात पायरी चाचपावी तसा.

"पप्पा, इथून खाली जाता येतं."

त्याने तिला ओढलं. ती किंचाळली.

"आग व्हायली, पप्पा. एकदाच जाऊ द्या ना. एकदाच."

पोर किती रात्री झोपली नव्हती. नारूला काय हवं असतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बापाचं काळीज शेवटी.

"जा," तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही.

तिने पाऊल टाकलं. मग आणखी एक.

तिचा हात खाली खाली जाऊ लागला. तो वाकला. मग गुडघ्यावर बसला. सिमेंट तापलेलं होतं. मुठीतला हात गार पडत चालला होता.

त्याने डोळे मिटून घेतले.

"गार हाय, पप्पा," आवाज खालून आला.

उचलून घरी आणली तेव्हा ती गाढ झोपली होती. धागा नव्हता. घोटा स्वच्छ होता. तारामतीने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती ढसाढसा रडली.

"माझी लेक बरी झाली," ती म्हणत राहिली.

संध्याकाळी बोअरचं पाणी सुटलं. गल्लीतल्या नळावर घागरी लागल्या.

"अगं बाई, आज पानी किती गार सुटलंय!"

"गोड बी लागायलंय, पिऊन तर बघ."

आनंदराज ओरडायला दाराशी गेला. पोरंसोरं नळाला तोंड लावून घटाघटा पीत होती. मागं बाजेवर धम्मा त्या गलक्याने चुळबुळली.

ती जागी होऊ नये म्हणून त्याने हळूच दार लावून घेतलं.