हिराचा मामा

"झालं! चेन पुन्हा उतरली!" सायकल उलटी करत श्रीधर ओरडला. "आपण मैत्री बागेत पोचेपर्यंत वाघ झोपून जाईल!"

"वाघ दुपारी झोपलेलाच असतो," लतिका म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण. भावाच्या चुका काढणं हा तिचा सुट्टीतला आवडता उद्योग होता.

शाळेच्या फाटकापाशी मे महिन्याचं ऊन सकाळीच चटके देत होतं. त्यांचा मित्र विष्णु शाळेच्या नळावर पाणी प्यायला गेला होता. तो आला, की वाटेत लतिकाच्या मैत्रिणीला, हिराला, तिच्या क्वार्टरवरून घ्यायचं आणि थेट मैत्री बाग, असा बेत होता.

विष्णु आला तो गाल फुगवून.

"काय खाऊन राहिला बे?" श्रीधरनं विचारलं.

"पेढा! ऑफिसात देवरावबाबू वाटून राहिले. हिराचा मामा आला ना गावाहून!"

लतिकाच्या हातातलं चेन पुसायचं फडकं गळून पडलं.

"हिराला मामा नाही."

"असा कसा नाही? पेढा तर खरा होता!"

"विष्णु, मस्करी नको! तिच्या आईला भाऊच नाही." लतिकाचा आवाज एकदम खाली आला. "तिला एक काका आहे. तिचे बाबा वारले आणि शेत हिराच्या नावावर झालं. तेव्हा त्यानं तिला गावच्या शाळेतूनच नेलं. आई आजारी आहे असं सांगून! मग शेतावरच्या खोलीत कोंडून ठेवलं. आईनं कशीबशी सोडवली आणि दोघी इकडे निघून आल्या. कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती मी."

विष्णुला तोंडातला पेढा गिळवेना.

तिघं ऑफिसात धावले. शाळेचे कारकून देवरावबाबू एकटेच पंख्याखाली बसले होते. चेहरा आनंदानं फुललेला.

"या, या! पेढा घ्या. आर्वीकडला पाहुणा देऊन गेला. 'कसं काय भाऊ, बरं हाय ना?' म्हनला, अन् मले भरूनच आलं. इतकी वर्षं झाली भिलाईत, आपलं बोलनं कानावर पडत नाही रे!"

"बाबू, तुम्ही त्याला हिराचा पत्ता दिला?" लतिकानं विचारलं.

"दिला ना! स्ट्रीट, क्वार्टर, सारं सांगितलं. बहीण घरी हाय का म्हनला. म्हनलं, फर्स्ट शिफ्ट हाय तिची प्लांटच्या कॅन्टीनमंदी, पोरगी एकटीच असन."

"बाबू! तो मामा नाही! तो तिचा काका आहे, तिला पळवून नेईल!"

देवरावबाबूंच्या कपाळावर आठी चढली. "मामा काय न् काका काय, घरचाच मानूस. आपल्याकडचा मानूस असा नसते, पोरी. मोठ्यायवर संशय घेता?"

"मग कॅन्टीनला एक फोन तरी करू द्या!" श्रीधर हात जोडून म्हणाला.

फोनच्या डायलला पितळी कुलूप होतं. "किल्ली हेडबाईंकडं. चला, निघा आता. सुट्टीत डोकं खाऊन राहिले!"

बाहेर येताच श्रीधरनं चेन ओढून बसवली. बोटाचं कातडं सोललं, तरी त्याचं लक्षही गेलं नाही.

"विष्णु, तू कमलिनीबाईंच्या घरी पळ! त्यांना स्टेशनवर... नाही, आधी हिराकडे... अरे, कुठं ते मला तरी काय माहीत! तू नुसता पळ, त्यांना घेऊन ये!"

विष्णुनं हेडबाईंच्या क्वार्टरच्या दिशेनं धूम ठोकली. लतिका सायकलच्या कॅरियरवर बसली आणि श्रीधरनं जीव खाऊन पॅडल मारलं. सगळ्या स्ट्रीट सारख्या, सगळे क्वार्टर सारखे. आज ते संपतच नव्हते.

हिराच्या क्वार्टरचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं. चुलीवरच्या भाताला करपल्याचा वास येत होता.

"हिरा!" लतिका ओरडली. तिला रडू फुटलं.

शेजारच्या रत्नमालाकाकू धावत आल्या. "अगं, हिराची आई प्लांटात भाजली म्हणे! पाहुणा पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. मीच म्हटलं, जा बाई लवकर!"

 आई-बाबा पोलाद कारखान्यात शिफ्टला गेले, की हेच एक वाक्य कोणी येऊन सांगू नये, असं भिलाईतल्या प्रत्येक मुलाला वाटतं. ते ऐकल्यावर हिरा काय विचारणार होती?

"काकू, रिक्षा कुठे वळली? दवाखान्याकडे?"

"नाही रे... पॉवर हाऊसकडे वळली." काकूंचा चेहरा उतरला. "अगंबाई!"

"तिथं तर स्टेशन आहे! काकू, हिराची आई भाजलेली नाही. कॅन्टीनवर जा, त्यांना स्टेशनवर पाठवा! आणि विष्णु आला तर त्यालाही सांगा!"

काकू तशाच अनवाणी निघाल्या.

पॉवर हाऊस स्टेशनवर नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरचा सिग्नल पडला होता. फलाटाच्या टोकाला हिरा उभी होती. पांढऱ्या टोपीतल्या एका माणसानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

श्रीधरनं फाटकावरच्या टीसीची बाही ओढली. "साहब, वो आदमी हमारी दोस्त को भगा के ले जा रहा है!"

"घर का झगड़ा होगा," टीसी न बघताच म्हणाला. "बच्चे लोग, चलो, भागो."

दूरवर इंजिनाचा धूर दिसला. आता कोण ऐकणार? लतिकानं डोळे पुसले, खोल श्वास घेतला आणि ती थेट त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, नमस्कार!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की बाकावरचे प्रवासी वळले. "शाळेत पेढे तुम्हीच दिले ना?"

"कोन मामा? मी काका हाय तिचा! चंपत काका!"

"मग शाळेत मामा का म्हणालात?"

"मामा बोला, काका बोला?" एक प्रवासी हसला. टीसी दोन पावलं पुढे आला.

"और बच्ची को कहाँ ले जा रहे हो?" त्यानं विचारलं.

"गाव. उसकी माँ के पास. माँ गाव में है."

हिरानं झटक्यात मान वर केली. "आई तर नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात हाय म्हनले होते तुमी! भाजली म्हनले होते!" तिनं किंकाळी फोडली. "माझी आई कुठं हाय?"

गाडी फलाटात शिरली. चंपतनं तिला ओढलं. लतिकानं हिराचा दुसरा हात धरला आणि फलाटावर बसकणच मारली. ती फरफटत गेली, गुडघे फुटले, पण तिनं हात सोडला नाही! श्रीधरनं चंपतच्या पायाला मिठी मारली.

"पकडो उसको!" टीसी गरजला. दोन हमालांनी चंपतला धरलं. गाडी आली तशी निघून गेली.

हिराची आई, सत्यभामाबाई, आली ती कॅन्टीनचा एप्रन घातलेलीच. तिनं हिराचे हात, पाय, चेहरा चाचपून पाहिला.  मागोमाग कमलिनीबाई, विष्णु आणि देवरावबाबू आले. पोलिसांनी चंपतला दुर्गला नेलं.

"पोरांनो," कमलिनीबाई लतिकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आम्ही मोठ्यांनी जे करायचं, ते तुम्ही केलंत. आज तुम्ही नसता, तर..."  मग त्या देवरावबाबूंकडे वळल्या. "मूल शाळेत घालताना आई आपल्याला पत्ता सांगते, तो आपल्या भरवशावर. वाटायला नाही."

देवरावबाबूंची मान खाली गेली. "गावाकडचं बोलला जी तो. तेवढ्यावरच मी..."

"बाई, दिलेला पत्ता परत घेता येते का?" सत्यभामाबाईनं विचारलं. "हा उद्या सुटन. त्याले आता घर माहीत हाय. दोन वर्षं झाली, पोरगी आता कुठं रात्रीची नीट झोपाले लागली होती."

 

"आज रात्री माझ्याकडे चला," कमलिनीबाई म्हणाल्या. "उद्या दुसरं घर बघू. माझी एक मैत्रीण आहे, तिच्या..."

"बाई, थांबा!" देवरावबाबूंनी दोन्ही हात वर केले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते चार पावलं मागे सरले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"कुठं ते मले ऐकवू नका. मले इचारलं त मले खरंच माहीत नसलं पायजे."

हिरानं आईचा पदर मुठीत धरला आणि कमलिनीबाईंच्या तोंडाशी कान नेला. नवा पत्ता बाईंनी त्या मायलेकींनाच, हळूच सांगितला.