थोमाची बहीण

"भाऊ, एवढी तीन पानं टाइप करून मिळतील?"

"मिळतील की. पण भाऊ म्हणू नका, मॅडम. ह्या आळेफाट्यावर सगळेच भाऊ हायेत... एखाद्यानं तरी वेगळं असावं!"

सुवार्ताने हसू दाबलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, जुन्नरची एसटी चुकली होती, आणि उन्हात ताटकळण्यापेक्षा बरं म्हणून मास्तरीणबाई गॅरेजवरच्या ह्या सायबर कॅफेचा जिना चढून आल्या होत्या. २००७ सालचा मार्च. खाली ट्रकांचे हॉर्न, वर चार कॉम्प्युटर आणि लाइट असेल तेवढा वेळ फिरणारा एक पंखा. त्या पंख्याखाली कपिल बसला होता. निरगुडसरचा, बी.कॉम. झालेला आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारा.

त्याने पहिलं पान उचललं आणि मोठ्याने वाचलं, "'आई गेली त्या दिवसापासून देव माझ्याशी बोललेला नाही...' हे असंच टाइप करू?"

"असंच."

"वडील काय करतात तुमचे?"

"जुन्नरला चर्चमध्ये पाळक आहेत."

"अरे बापरे!" कपिलने पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे एक अक्षरही न बोलता टाइप करायला बसला. त्याचं ते गप्प होणंच तिला पहिल्यांदा आवडलं.

लेख एका ख्रिस्ती मासिकासाठी होता. पंधरा दिवसांत साभार परत आला. सोबत चिठ्ठी: साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगणं, साक्षीत शंका नसावी. सुवार्ता ती चिठ्ठी घेऊन पुन्हा जिना चढली. रडू आलेलं होतं, पण कबूल करायचं नव्हतं.

"त्यात काय एवढं?" कपिल म्हणाला. "आपण ब्लॉग काढू. तिथं संपादकच न्हाई. नाव सांगा."

तिने क्षणभर विचार केला. "थोमाची बहीण."

"हा थोमा कोण?"

"येशूचा शिष्य. म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही."

"मग तो आमच्यातलाच की राव! आमचे बुद्धसुद्धा म्हणतात, तपासल्याबिगर मानू नका." आणि मग, अगदी हळूच – "म्हणजे तुमचं-आमचं कायतरी नातं निघतंय, मॅडम..."

शनिवार असे सुरू झाले. ती वहीत लिहून आणायची, तो टाइप करून ड्राफ्ट म्हणून ठेवायचा. ड्राफ्ट म्हणजे कच्चा मजकूर. पासवर्ड ठाऊक असलेल्या त्या दोघांखेरीज तो जगात कुणालाही दिसत नसे. रविवारी सकाळी आठला कपिल त्यावर शेवटची नजर फिरवून तो प्रसिद्ध करायचा. बरोब्बर त्याच वेळी जुन्नरला चर्चची घंटा व्हायची, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या सुवार्ताचं लक्ष प्रार्थनेत नसायचं. नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या सांगलीच्या कुणी बाईने एकदा खाली लिहिलं, "मला वाटायचं असं फक्त मलाच होतं." सुवार्ता ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. कपिलने आपला चहा तिच्यापुढे सरकवला.

"शिकून घ्या की टाइप," तो म्हणायचा. "इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी उमटतं."

"सगळं जमेल हो, पण साक्षमधला तो क्ष काही जमत नाही..."

मग तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून क्ष काढून दाखवायचा. एका बोटाने कळ शोधत बसणाऱ्या ह्या विद्यार्थिनीला बघून तो कपाळाला हात लावायचा. खरी गोष्ट अशी की दोनच महिन्यांत सुवार्ताला दहाही बोटांनी टाइप येऊ लागलं होतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर ती चोरून सराव करायची. पण येतं म्हटलं असतं, तर शनिवारी जिना चढायला कारण काय उरलं असतं? पाळकाची पोर खोटं बोलत होती, आणि त्या खोट्याचा तिला जराही पश्चात्ताप नव्हता.

दिवाळीनंतर नगरचं स्थळ आलं. मुलगा शमुवेल, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, नाव ठेवायला जागा नाही. पप्पांचा चेहरा आई गेल्यापासून पहिल्यांदाच उजळला होता. त्या चेहऱ्यापुढे सुवार्ताच्या तोंडून 'नाही' निघालं नाही.

तिने कपिलला सांगितलं. तो एक मोडका माउस पुशीत बसला.

"लगेच लगीन?"

"आमच्यात आधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर उठून सांगा म्हणतात."

"कुणीबी उठू शकतं?"

"कुणीही," ती म्हणाली आणि थांबली... तोही थांबला. खाली एक ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे..."

"चांगलं स्थळ हाय," कपिल शेवटी म्हणाला.

त्यानंतर तिचं फाट्यावर थांबणं बंद झालं. पहिल्या रविवारी नावं वाचली गेली. दुसऱ्याही. शनिवारी मात्र तिला राहवेना. जुन्नरच्या दुसऱ्याच एका कॅफेत बसून तिने दहा बोटांनी, न चुकता, चार ओळी ड्राफ्टमध्ये ठेवल्या:

"कपिल, उद्या पप्पा शेवटचं विचारतील. मला तू हवा आहेस. तू उठलास तर मी तुझ्याशेजारी येऊन उभी राहीन. नाही उठलास तर समजेन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही."

सकाळी आठला तो उघडणारच. लाइट नसली तर इन्व्हर्टरवर उघडायचा, इतका पक्का माणूस. नावं उपासनेच्या अगदी शेवटी, साडेनऊनंतर वाचली जायची; तोवर फाट्यावरून जुन्नर गाठता येत होतं.

आणि रविवारी तो आला! शेवटच्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच तिने डोळे मिटून देवाकडे मनापासून काही मागितलं. पप्पांनी नावं वाचली आणि विचारलं, "ह्या विवाहाला कुणाची हरकत आहे काय?"

मागे बाक करकरला. तिने मान वळवली. कपिल उठला होता!

उशिरा आलेल्या, मंडळीतल्या म्हाताऱ्या गोजरबाईंचा हात धरून त्याने त्यांना आपल्या जागेवर बसवलं. मग तो दाराशी गेला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि बाहेर पडला.

"हरकत नाही," पप्पा म्हणाले आणि गीत सांगितलं.

सुवार्ता नगरला नांदायला गेली. शमुवेल सालस निघाला. तक्रारीला जागा नव्हती. पण तिने लिहिणं सोडलं. चर्चमध्ये गायची, प्रार्थनेला मात्र नुसते डोळे मिटायची. दोघांपुढे मन उघडं केलं होतं – एक कपिल, एक देव – आणि दोघंही वाचून गप्प बसले, हेच तिच्या मनात ठसठसत राहिलं.

दोन वर्षांनी पप्पांना भेटून परतताना आळेफाट्याला एसटी पंक्चर झाली. पाय आपोआप जिना चढले. तेच चार कॉम्प्युटर. कपिल थोडा भरला होता.

"मॅडम!" तो उठलाच. "लिहायचं का सोडलं? सांगलीच्या बाई अजून विचारत्यात."

"तू... ब्लॉग उघडतोस?"

"दर रविवारी, लोकं बघत्यात तसा बाहेरून. आत कशाला जायचं? तुमाला टाइप येत न्हाई. तुमी आल्याबिगर ड्राफ्ट येणार कुठनं?"

त्याने वाचलंच नव्हतं. तिच्याच लाडिक खोट्याने ते दार बंद केलं होतं.

"मग त्या रविवारी चर्चला का आलास?"

कपिलने नजर खाली घातली. "शेवटचं बघावं म्हणलं. नुसतं. तुमी खूण जरी केली असती, तर..." त्याने मान झटकली. "जाऊ द्या. चहा सांगून येतो."

तो खाली गेला. सुवार्ताने पासवर्ड घातला. त्या चार ओळी तशाच होत्या. सांगावं? सांगितलं तर हा माणूस जन्मभर स्वतःला खाईल. तिने ओळी पुसल्या आणि पदराने डोळे पुसले. देवाचं काय, ते तिला ठाऊक नव्हतं. पण न वाचणाऱ्यावर दोन वर्षं राग धरला होता, हे कळल्यावर वरच्यालाही पुन्हा एकदा विचारून बघावंसं वाटलं.

जिन्यावर पावलं वाजली. चहाचे दोन ग्लास घेऊन कपिल मागे येऊन उभा राहिला. पडदा कोरा होता. सुवार्ताने नऊ बोटं मुठीत मिटून घेतली आणि एका बोटाने, चाचपडत, पहिलं अक्षर उमटवलं. 'सा'.

"कपिल," ती मागे न बघता म्हणाली, "तो क्ष कसा काढायचा... पुन्हा एकदा दाखवशील?"