अकरा दाणे

आमच्या टांकसाळीच्या दारात एक तांब्याचं घंगाळ आहे. घरी जाताना प्रत्येकाने त्यात हात धुवायचे, मगच बाहेर पडायचं. पहारेकरी नुसता "हात!" म्हणतो. आठवड्याने ते पाणी गाळून आटवतात आणि तळाशी उरलेला रुपेरी गाळ परत भट्टीत जातो. आमच्या नखांत अडकलेली चांदीसुद्धा राजाची. एकोणीस वर्षं मी रोज त्या घंगाळात हात धुतले, फक्त एक दिवस चुकलो.

मी मेल्चोर आयाविरी. चांदीच्या डोंगराखालच्या पोतोसी गावात, टांकसाळीत नाणी तोलतो. स्वभावाने किरकिरा आहे. सूपात मीठसुद्धा हा तोलून घालेल, असं माझी बायको पेत्रोना चारचौघांत सांगते. म्हणू दे. आठ रेआलच्या नाण्याचं वजन पाचशे बेचाळीस दाणे, आणि दाणा म्हणजे आमच्याकडचं सगळ्यांत लहान वजन. दोन-तीन दाण्यांचा फरक राजा चालवून घेतो, त्यापुढे नाही. कारण हे नाणं आमच्यासाठी नसतंच. आम्ही बाजारहाट करतो चांदीच्या जुन्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर नाहीतर कोकाच्या पानांवर. नवं गोल नाणं खेचरांच्या पाठीवरून थेट समुद्राकडे जातं, तिथून जहाजाने कुठे कुठे जातं देव जाणे. मिरी, रेशीम, माणसं, काय वाटेल ते विकत घेतं म्हणतात. एवढ्या वर्षांत इथून गेलेलं एकही नाणं परत आलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पेत्रोनाला सातवा महिना लागला होता. एका सकाळी मी पहिली थैली पारड्यात ओतली आणि पारडं वर गेलं. एकेक नाणं काढून तोललं. पाचशे एकतीस. पाचशे एकतीस. पाचशे एकतीस. प्रत्येकात बरोबर अकरा दाणे कमी.

मग मी ती उजेडात धरली. राजाचं नाक झिजून सपाट झालं होतं. कडा गुळगुळीत, अक्षरं पुसट, आणि मधेच कुठेतरी बारीक अनोळखी ठसे ठोकलेले. साल मात्र चालू वर्षाचंच होतं. आदल्या संध्याकाळी ही नाणी ठशाखालून निघाली होती, आणि दिसत अशी होती की दोन पिढ्यांनी वापरून टाकली असावीत.

ठसा मारायच्या मोठ्या मळसूत्री यंत्रावर माझे सासरे, इग्नासिओ कोल्के. चाळीस वर्षांचा हात. त्या दिवशीही त्यांच्या हातून तशीच नाणी निघत राहिली, मग बंद झाली. एकूण तीनशे अकरा. कमी पडलेली सगळी चांदी धरली तर सहा-सात नाण्यांची, पण ती राजाची. दुपारपर्यंत सासऱ्यांना कोठडीत घातलं होतं. आमचा मुख्य अधिकारी डॉन बाल्तासार दे उरुएला माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. कॉर्पसच्या सणापर्यंत चांदीचा पत्ता लागला नाही तर म्हाताऱ्याला खाणीत पाठवावं लागेल, असं त्याने मला नजर चुकवत सांगितलं.

सासरे आधीच खोकत होते. खाणीत त्यांनी महिनासुद्धा काढला नसता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी गजांपाशी गेलो तेव्हा ते कोका चघळत बसले होते.

"काय जावईबापू, तोलायला आलात? बघा, मीही अकरा दाणे कमी भरतो का."

"मामा, थट्टा पुरे. झालं काय ते सांगा."

त्यांनी तोंडातला चोथा थुंकला. मग म्हणाले, "चकती कोरी घातली. दांडा ओढला. वर आली ती अशी. आणि गरम होती, मेल्चोर. भट्टीसारखी गरम नव्हे. कुणाच्यातरी मुठीतून नुकतीच काढल्यासारखी."

घरी पेत्रोना रडली नाही. चुन्योचं, म्हणजे गोठवून सुकवलेल्या बटाट्यांचं, सूप पुढ्यात ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "बाळ यायच्या आत बाबांना घरी आणा."

सासऱ्यांचा कबुलीजबाब ऐकायला फादर अन्सेल्मो आले होते. तरुणपणी ते मनिलाला होते. कोठडीतून बाहेर पडताना मी त्यांना दारात गाठलं आणि त्या झिजलेल्या नाण्यांतलं एक पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि मग नाकाशी नेलं. ते दगडी पायरीवर बसले.

"हे ठसे चिनी व्यापाऱ्यांचे," ते म्हणाले. "नाणं पारखून घेतलं की प्रत्येक दुकानदार आपली खूण ठोकतो. इथे सात खुणा आहेत. चाळीस-पन्नास वर्षं तरी हे त्या बाजारात फिरलंय."

"फादर, हे मंगळवारी पाडलंय."

"वास घे."

मी घेतला. मिरी, घाम, धूर, आणि त्याखाली काहीतरी ओलं, खारट, जे मला ओळखता येईना.

"तो समुद्र आहे," फादर म्हणाले.

मी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण त्या पायरीवर, समोर आमचा लाल डोंगर आणि अंगाला झोंबणारा गार वारा असताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आयुष्यभर मी जे तोलून पाठवत होतो ते कुठे जातं, ते त्या एका वासात माझ्याजवळ आलं होतं. किती माणसं, किती मुठी, किती भाषांतली घासाघीस. मला भीती वाटली नाही. देवळात वाटतं तसं काहीतरी वाटलं.

फादरनी सगळं डॉन बाल्तासारच्या कानावर घातलं. तो आधी हसला, मग म्हणाला, आपण आत्ता बघू.

भर दुपारी सासऱ्यांना कोठडीतून आणलं आणि यंत्राभोवती आम्ही चौघं उभे राहिलो. खाली चांदीचे पत्रे दाबणारी चक्की ओढणाऱ्या खेचरांच्या टापा तेवढ्या ऐकू येत होत्या. मी एक कोरी चकती तोलली. पाचशे बेचाळीस. डॉन बाल्तासारने स्वतः पारडं तपासलं.

त्यानेच ती चकती यंत्रात ठेवली.

सासऱ्यांनी दांडा ओढला.

खेचरं एकाएकी थांबली. दूरवर पुष्कळ माणसं एकदम बोलत असल्यासारखा आवाज आला. बाजारात असतो तसा.

मग तोही थांबला.

नाणं वर आलं. राजाला चेहरा नव्हता. मी ते उचललं, ते कोमट होतं.

पाचशे एकतीस.

ते तीनशे बारावं. त्यानंतर त्या यंत्रातून तसं नाणं पुन्हा निघालं नाही.

डॉन बाल्तासार बाकावर बसला. "राजाला काय लिहू मी?" तो हळूच म्हणाला. "नाणं म्हातारं जन्मलं म्हणून?" त्याने सगळी नाणी आमच्यादेखत वितळवली, तूट स्वतःच्या खिशातून भरली आणि सासऱ्यांना सोडलं. फादर गुडघे टेकून प्रार्थना करत होते.

मला आनंदाने काही सुचत नव्हतं. म्हाताऱ्याला धरून मी दाराकडे सुटलोच. बाहेर पेत्रोना उभी होती. पहारेकऱ्यानेही डोळे पुसले आणि "हात!" म्हणायचं विसरला. मीही विसरलो. ती बापाच्या गळ्यात पडून रडली, आणि ज्या हाताने ते कोमट नाणं उचललं होतं तो न धुतलेला हात मी तिच्या पोटावर ठेवला. आतून बाळाने लाथ मारली. आम्ही तिघंही हसलो.

मुलगी झाली. फादरनी नाव इनेस ठेवलं. मुठी घट्ट मिटलेल्या. पहिल्या आंघोळीला पेत्रोनाने त्या हळूच उघडल्या, चिमुकले हात वाटीत धुतले आणि मला हाक मारली.

वाटीच्या तळाशी रुपेरी गाळ होता.

मी तो सुकवला, तोलला. अकरा दाणे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशीही तेवढेच. कमी नाही, जास्त नाही, आणि असल्या बाबतीत मी चुकत नाही.

आम्ही कुणाला सांगितलं नाही. राजाची चांदी घरात ठेवणारा माणूस मी नव्हे. तो गाळ रोज नखांत भरून कामावर नेतो आणि संध्याकाळी घंगाळात धुऊन टाकतो. हल्ली घंगाळात गाळ बराच निघतो म्हणून डॉन बाल्तासार खूश आहे. माणसं हात नीट धुतात, म्हणतो.

इनेस गुटगुटीत आहे, हसरी आहे. आजोबांना बघून टाळ्या पिटते. आज तिचा दोनशे नव्वदावा दिवस. दिवसाला एक नाणं धरलं, तर तीनशे बाराला अजून बावीस उरलेत. त्यानंतर काय, ते मला ठाऊक नाही, आणि पेत्रोनाला मी आकडा सांगितलेला नाही.

काल सासरे तिचा तळवा उजेडात धरून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी तिची मूठ मिटवली आणि उठून गेले. मी जाऊन पाहिलं. तळव्यावरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत.