उडालेलं तबक

"तबक फिरवताना वर बघू नकोस, एवान्थिया. मनगटाला ओढ किती बसते, तिकडे लक्ष दे!"

कॉफीचं तबक गरगर फिरवायला शिकवणाऱ्या कॉफीवाल्या आजोबांचे शब्द आठवले आणि एवान्थिया आणखीच संतापली. पनागियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या जत्रेत साखळ्यांचा गोल पाळणा नुकताच थांबला होता आणि त्याची एक रिकामी खुर्ची बाकीच्यांपेक्षा खाली लोंबत होती!

"कडी तुटली म्हणून तारेचा आकडा अडकवलाय," चुलतभाऊ लेफ्तेरिस म्हणाला. "दर फेरीला तो उघडत चाललाय!"

आणि तिचा धाकटा भाऊ पान्तेलिस नेमका त्याच खुर्चीकडे धावला. एवान्थियाने त्याची कॉलरच धरली.

"थ्रासोसकाका, पाळणा बंद करा!" ती पाळणेवाल्यावर ओरडली.

"चल गं! सकाळी शंभर किलोचा खाटीक त्या आकड्याला लोंबकळला. हलला का आकडा?"

"तेव्हा पाळणा उभा होता! फिरताना ओढ वाढते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट!"

"मास्तरीणबाई, कॉफी पोचवा जा!"

सगळे खो खो हसले. लेफ्तेरिस मात्र खुर्चीला मिठी मारून बसला. "चालू करूनच दाखवा!"

एवान्थियाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. 'आई पनागिया, कुणाला खरचटलंही नाही, तर डोंगरावरच्या तुझ्या देवळात अनवाणी येईन,' ती मनात म्हणाली.

मग आजोबांच्या दुकानातलं, वर धरायला मूठ असलेलं टांगतं तबक तिने आणलं. त्याच्या मुठीखाली बारीक तारेचा आकडा अडकवला, तबकात कॉफीचे पेले ठेवले.

"काका, तबक हलकं, म्हणून तार बारीक. टिकेल?"

थ्रासोसने तबक टांगून पाहिलं. "टिकेल की! न टिकायला काय झालं?"

"नक्की?"

"शंभर टक्के!"

लोकांना मागे सारून, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून तिने तबक डोक्यावरून गरगर फिरवलं. पेले उलटे झाले, पण थेंब सांडला नाही! टाळ्या पडल्या. तिने वेग वाढवला. आणखी वाढवला...

टण्ण! आकडा सरळ झाला. तबक सुटलं आणि भिंतीवर आदळलं. पेल्यांचा चुरा!



"त्या तबकात माझा भाऊ असता तर?" ती किंचाळली. "आता हसा ना!"

थ्रासोसचं तोंड पांढरं पडलं. पाद्री आन्थिमोस पुढे आले आणि त्यांनी स्वतः पाळण्याची वीज तोडली. "पक्क्या कड्या बसेपर्यंत हा फिरणार नाही. पोरांनो, लाज आम्हा मोठ्यांना वाटायला हवी. शाबास!"

लेफ्तेरिसला लोकांनी खांद्यावर घेतलं. "एवान्थिया कुठंय?" कुणीतरी विचारलं.

तिचा राग अजून उतरला नव्हता. तिने चपला पान्तेलिसच्या हातात दिल्या आणि तापलेल्या दगडांच्या वाटेने, कुणाला न सांगता, ती डोंगर चढू लागली.