अहो, चला

ताईने कुत्रा आणला, तोच मुळात रिकामा उद्योग. भाऊजी गेल्यापासून ती गप्प गप्प असायची, मान्य. पण म्हणून बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेल्या त्या मरतुकड्या ध्यानाने सोफ्याशेजारी रोज तळे करायचे आणि मी पुसायचे? मी बजावले, "रविवारपर्यंत शिकला तर ठीक, नाहीतर परत."

ताईचे डोळे भरले. "अरे, तो शिकलेलाच आहे. त्याचे म्हातारे मालक घरात एकटेच गेले. चार दिवस दार बंद होतं, तरी ह्याने आत एक थेंब सांडला नाही. ते कुठला शब्द बोलून ह्याला बाहेर न्यायचे, तेवढं कळलं पाहिजे."

चार दिवस म्हणे! थापांनाही काही मर्यादा असते.

माझा शब्द ठरलेला होता. ताई कामावर गेली की मी पट्टा आपटून ओरडायचो, "ए, ऊठ! बाहेर!" तो ढिम्म. उलट डोळे मिटून घ्यायचा, जणू अडाणी मीच.

शनिवारी दुपारी मी खुर्चीत पेपर वाचत होतो. खिडकीत लख्ख ऊन होते. फिनेलच्या वासात हळूहळू दुसराच वास मिसळला, जुन्या औषधांचा, बंद खोलीचा. दाराशी कुणीतरी खाकरले.

"अहो... चला..."

कुत्र्याला अहो! असले लाड ताईच करणार. "लवकर आलीस?" मी विचारले. आवाज पुरुषाचा होता, हे मला नंतर उमगले.

कुत्रा शेपूट हलवत उठला. कडी सरकली. मान वर करून, कुणाच्या तरी संथ पावलांशी जुळवून घेत तो जिना उतरला. मी उठून ताईला फोन लावला. ती ऑफिसातच होती.

दहा मिनिटांनी तो परतला. पाय पुसलेले. थेट माझ्या खुर्चीत चढून बसला. मी हात उगारला, तोच कानाशी आवाज आला. आता त्यात अदब नव्हती.

"ए... बाहेर."

माझाच शब्द, माझ्याच सुरात. मी पाऊल उचलल्याचे मला आठवत नाही. पण मी जिन्यात अनवाणी उभा होतो, आणि आतून कडी लागली.

संध्याकाळी ताई आली, तरी मी जिन्यातच होतो. माझा ओला पायजमा तिने पाहिला. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "उद्या रविवार. नेऊन सोडू त्याला?"

दाराआड कुणीतरी खाकरले.

"नको... त्यांना राहू दे," मी घाईने म्हणालो.

"कुत्र्याला अहो-जाहो?" कित्येक महिन्यांनी ताई हसली.

तेवढ्यात आतून कडी निघाली. दार उघडले, तेव्हा कुत्रा माझ्या खुर्चीत गाढ झोपलेला होता.