आठवा वार

मा न्यो मेच्या धाकट्या भावाचं मुंडन होऊन तो विहारात राहायला गेला, त्याच वर्षी, म्हणजे १९७३ साली, रंगूनच्या विद्यापीठातल्या जिन्यावर तिची चारशे कार्डं सांडली.

छिद्रं पाडलेली ती कार्डं म्हणजेच तिचा प्रोग्राम. जन्मतारीख दिली की वार सांगणारा. यंत्रावर तो आज पहिल्यांदाच चालायचा होता. दोन वाजता परीक्षक येणार. चालला, तर नव्या संगणक विभागात शिकवायची जागा. नाही तर गावी परत, आईने हेरून ठेवलेल्या भातगिरणीवाल्याच्या घरात. अन् पंधरा मिनिटं उरली असताना खालून एक जण धावत आला आणि तिच्यावर आदळला.

"डोळे घरी ठेवून आलात का?"

"आणले होते... आता तेही इथंच कुठंतरी सांडलेत." लुंगी सावरत तो कार्डं गोळा करू लागला. यंत्र चालवणारा को यान पाइंग.

"गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तांबडी तिरकी रेघ ओढलीय मी. रेघ जुळली की क्रम जुळेल."

रेघ सांधत आली. एका कार्डावर दोघांचे हात एकदम पडले... कुणीच पटकन काढला नाही. मग त्याने ते कार्ड उजेडात धरलं.

"इथं आठनं भागलंय. आठ कशाला?"

"वार आठ ना?"

"पॅगोड्यात आठ. कॅलेंडरात सात. बुधवारच्या दुपारला आपण राहू म्हणतो, पण तारीख तीच राहते. मला विचारा, मी राहूचाच, बुधवारी दुपारी जन्मलेला."

लहानपणापासून आईचं बोट धरून पॅगोड्यातले आठ वारांचे आठ कोपरे फिरलेली ती. हात आपोआप आठवर गेला होता.

"नवं कार्ड..." ती म्हणेपर्यंत तो छिद्रं पाडायच्या यंत्राशी पोचलाही होता. नव्या कार्डाच्या कडेवर त्याने रेघेचा तेवढाच तुकडा तांबड्या पेन्सिलीने ओढला.

"कुठलीही तारीख द्या," परीक्षक म्हणाले. यंत्रामागून को यान पाइंगने स्वतःचीच दिली. यंत्र खडखडलं, थांबलं... कागदावर आलं — बुधवार. परीक्षकांनी जुनं पंचांग उघडून पाहिलं आणि मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात तो मागून आला. "सायामा..." बाई म्हणून तिला पहिली हाक त्याचीच. "तुमचा वार कुठला?"

"मंगळवार."

त्याचा चेहरा पडला. "मंगळवार अन् राहू... या दोघांचं जुळत नाही म्हणतात. तुमची आई मला दारात उभं करायची नाही."

तिने छापील कागदाची घडी घातली. "राहू कुठाय? यंत्र तर बुधवार म्हणतंय."

"आईला पटेल यंत्राचं?"

"मला पटलंय," खाली बघत ती म्हणाली. "आईचं... मी बघते."

आईला लग्नाला हो म्हणायला दोन वर्षं लागली. न्यो मे त्या विभागाच्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. कार्डं जाऊन जमाना लोटला, तरी दरवर्षी पहिल्या तासाला त्या आपली आठव्या वाराची चूक सांगायच्या.

को यान पाइंग ११ नोव्हेंबर १९९८ रोजी वारले. बुधवार होता, दुपारचे तीन वाजले होते.