पाच जागांचं मोजमाप

साड्यांच्या दुकानात कस्तुरीला दहाव्या मिनिटाला जांभया सुरू व्हायच्या, आणि स्पीकरच्या दुकानातून मात्र तिला ओढून बाहेर काढावं लागायचं. पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आली, लग्न झालं, बेळ्ळंदूरला बाराव्या मजल्यावर संसार थाटला, तरी हे वेड काही गेलं नाही. तेव्हा ज्या क्षणी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं हे अमितने, तिच्या नवऱ्याने, तिच्यावर सोपवलं, त्या क्षणापासून बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

पण ही भेट नुसती हौसेची नव्हती. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, नीलाताई, जे. पी. नगरच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या बसल्या गेल्या. तेव्हापासून अण्णांनी, सासऱ्यांनी, हॉलमध्ये बसणं सोडलं. स्वयंपाकघरात स्टुलावर चार घास खायचे आणि आतल्या खोलीत जाऊन पडायचं. अंगातले शर्ट सैल झाले, बोलणं आटलं. अमितने ठरवून टाकलं, की पंचाहत्तरी झाली की घर विकायचं आणि अण्णांना बेळ्ळंदूरला आणायचं. ते ऐकताना झालेला अण्णांचा चेहरा कस्तुरीला बघवला नाही. ती नवऱ्याशी कडाकडा भांडली. अखेर दोघांत तोड निघाली. अण्णा पंधरा दिवस रोज हॉलमध्ये बसले, तर घर राहील.

आता अण्णा, म्हणजे उमाकांत, यांचा उभा जन्म एका सरकारी संशोधन संस्थेत आवाज मोजण्यात गेलेला. अशा माणसाला खोलीत ओढून आणायचं तर ते आवाजानेच, हे कस्तुरीने ओळखलं. म्हणून होम थिएटर!

तीन शनिवार तिने दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानात त्रिविक्रम नावाचा विक्रेता भेटला, घरी मराठी बोलणारा, इथेच वाढलेला.

"अक्का, खोली न बघता मोठा बास स्पीकर घेऊ नका. शेजारी भांडायला येतात."

"खोली मोठी आहे. सोफ्यावर तीन जागा आणि वेताच्या दोन खुर्च्या."

"सरी, ठीक आहे. मग हा रिसीव्हर घ्या. पाच स्पीकर, एक बास. आणि हा बघा..." त्याने डबीतून अंगठ्याएवढा माइक काढला. "हीच खरी वस्तू. एकेका जागेवर ठेवायचा. स्पीकर आवाज सोडतात, माइक ऐकतो, आणि त्या जागेवर बसणाऱ्याला कसं ऐकू येईल ते मशीनला कळतं. त्या वेळी खोलीत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही."

दोन तास तिने ऐकून बघितलं. पावसाचे थेंब, तबला, विमानाची घरघर. डोळे मिटून बसली आणि एका क्षणी पाठीमागून कुणीतरी चालत गेलं असं वाटून तिने चक्क वळून पाहिलं. "हेच!" ती ओरडली. मग वायरी आणि स्टँड घ्यायला चिकपेटच्या गल्ल्यांतून हमालांचे धक्के खात फिरली, तेही आनंदाने.

पंचाहत्तरीच्या आदल्या शनिवारी दुपारी ती जे. पी. नगरला पोचली. अमित कामासाठी हैदराबादला होता. थर्मोकोल आणि नव्या प्लॅस्टिकचा वास घरभर पसरला. अण्णांनी दारातून एकदा डोकावून पाहिलं आणि आत निघून गेले. कस्तुरीने मनावर घेतलं नाही. स्पीकर लावले, वायरी गालिच्याखालून नेल्या, टीव्हीच्या बाजूच्या वेताच्या खुर्चीवर माइक ठेवून मोजणी सुरू केली. खालच्या पट्टीतून वर चढत जाणारी एक शीळ खोलीत घुमली. मग दुसऱ्या स्पीकरातून. मग तिसऱ्या.

"माइक फार खाली ठेवलायस."

अण्णा हॉलच्या दारात उभे होते. गेल्या महिन्याभरात त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माणसाचा कान कुठे, तुझा माइक कुठे! स्वल्प थांब."

ते आत गेले ते जुना लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड घेऊनच आले. कस्तुरीला हसावं की रडावं कळेना. अण्णांनी माइक स्टँडवर चढवला, लॅपटॉपला जोडला आणि पडद्यावर एक रेघ उमटवून दाखवली.

"ही रिकाम्या खुर्चीची. शेवटपर्यंत सरळ जाते. आता तू बस." ती बसली. पुन्हा शीळ झाली. या वेळी रेघ टोकाशी खाली वाकली. "बघितलंस? माणूस बारीक आवाज शोषतो. गादी, पडदा, माणूस, प्रत्येकाची रेघ वेगळी. डोळे बांधून मला नुसती रेघ दाखवली असती..." असं म्हणून ते आपल्याच बोलण्यावर हसले. "डोळे बांधून कशी दाखवणार म्हणा!"

अण्णा हसले! कस्तुरीच्या अंगात वीज संचारली. दोघंही लहान मुलांसारखी मोजत सुटली. दोन्ही खुर्च्या झाल्या, सोफ्याच्या दोन जागा झाल्या. बाहेर दिवेलागण झाली होती आणि दिवा लावायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. राहिली खिडकीकडची जागा. नीलाताईंची. तिथे स्टँड नेताना अण्णा अडखळले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळताना कस्तुरीला दिसलं. काहीही करून ते जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तिने नाट्यगृहातल्या डोअरकीपरसारखं कमरेत वाकून, रिकाम्या जागेकडे हात करून म्हटलं, "या, बसा!"

शीळ झाली. पाचही स्पीकरांतून. मग रेघ उमटली, आणि टोकाशी वाकली.

"उशी असेल," कस्तुरी म्हणाली.

उशी काढली. पडदा बाजूला केला. दोघंही भिंतीला टेकून श्वास रोखून उभी राहिली. रेघ वाकलीच. अण्णांनी माइक पुन्हा वेताच्या खुर्चीवर नेला, तिथे रेघ सरळ. परत खिडकीकडे आणला, तर वाकडी.

अंधारात लॅपटॉपच्या उजेडाने अण्णांचा चेहरा उजळला होता. "कस्तुरी... इथे कुणीतरी बसलंय गं."

तिच्या मानेवर काटा आला. पण अण्णांचे डोळे चमकत होते. एक वास मात्र तिला जाणवला. पितळी भांडं बरेच दिवस पाण्यात राहिलं तर येतो तसा, किंचित आंबूस. नीलाताईंच्या केसांना शिकेकाईचा वास असायचा. हा तो नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचे फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी, न चुकता.

"अगं, काय वाजतंय! तबल्याची शाई दिसते डोळ्यांपुढे!"

"जेवलात का?"

"हॉलमध्येच जेवलो. तीन तास बसलो होतो."

अमित हैदराबादहून परतला तो थेट वडिलांकडे गेला, आणि येऊन कस्तुरीला म्हणाला, "मानलं तुला. गाणं गुणगुणत होते ते." पंचाहत्तरीला अण्णांनी स्वतः सगळ्यांना वाढलं. कस्तुरीची कॉलर ताठ झाली. त्या वाकड्या रेघेला तिने मनातल्या मनात खिडकीकडच्या गादीचं कारण दिलं आणि विषय मिटवला.

नवव्या दिवशी फोन आला, तेव्हा अण्णा कुजबुजत होते.

"दुसरी जागाही भरली."

"कसली दुसरी?"

"सोफ्याची, मधली. रोज मोजतो मी. आज तीही वाकली." त्यांचा आवाज लग्नघरातल्या माणसासारखा खुशीत होता. "तुझेच उपकार आहेत. नीला तिन्हीसांजेला कधी नुसतं 'या' म्हणायची नाही, नाव घेऊनच बोलवायची. नुसतं 'या' म्हटलं तर कोण येईल सांगता येत नाही, म्हणायची. हसायचो मी तिला."

कस्तुरीने फोन ठेवला. ऑफिसची बस रिंग रोडवर खोळंबली होती, आजूबाजूला हॉर्नचा नुसता कल्लोळ होता, आणि तिला मात्र स्वतःचेच दोन शब्द ऐकू येत होते. तिने नाव घेतलं नव्हतं. अमितला सांगायचं तिने दोनदा ठरवलं. पण सांगितलं, तर तो अण्णांना डॉक्टरकडे नेणार आणि घर विकणार. जिंकत आलेली पैज तिला सोडवेना, हेही खरंच.

चौदाव्या दिवशी शनिवारी संध्याकाळी ती एकटीच जे. पी. नगरला गेली. जिन्यातच गाणं ऐकू आलं. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि "अण्णा" अशी हाक मारली, तर तिचा आवाज तिलाच बसका वाटला. रिकाम्या हॉलमध्ये आवाज थोडा तरी घुमतो. भरल्या सभागृहात, माणसांच्या गर्दीत, तो जिथल्या तिथे विरतो. तसा तो विरला.

अण्णा वेताच्या खुर्चीत बसले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, गालांवर तजेला. बाकीच्या चार जागांवर कुणीही नव्हतं. आंबूस वास मात्र आता घशाशी येत होता.

"ये ये! बघ, तीन दिवसांपासून चारही भरल्यात."

"अण्णा, चार दिवस आमच्याकडे चला ना..."

"आणि एवढे पाहुणे टाकून?"

"पाहुणे?" ती जागच्या जागी थबकली. "तुम्हाला वाटत होतं ना, आई आल्यात म्हणून..."

"नीला?" अण्णांनी गाणं बंद केलं. "छे गं. नीला अजून नाही आली. येईल. जागा झाली की येईल."

तिने स्टँड उचलला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हातात एवढंच एक हत्यार होतं म्हणून असेल. तिने तो अण्णांच्या खुर्चीपाशी, त्यांच्या कानाजवळ ठेवला आणि मोजणी लावली. अण्णा कौतुकाने स्तब्ध बसले. शीळ पाच वेळा चढली.

रेघ सरळ गेली. टोकापर्यंत.

तिने अण्णांचा हात धरला. हात उबदार होता, नाडी टपटप उडत होती. तिने पुन्हा मोजलं. रिकाम्या खुर्चीची रेघ.

फोन वाजला. अमित होता. तिने बोटानेच फोनचा स्पीकर चालू केला.

"अगं, उद्या पंधरा दिवस पुरे! घर राहिलं, जा, जिंकलीस तू. बसलेत ना अण्णा?"

"मी त्यांना घेऊन येतेय," कस्तुरी म्हणाली. "आत्ता. घर विकून टाक, अमित."

"काय? अगं, तूच तर..."

तिने अण्णांना ओढून उठवलं. पंचाहत्तरीचा माणूस, पण हाताला वजन असं लागलंच नाही. ते हसतच तिच्यामागून दारापर्यंत आले. तेवढ्यात पाठीमागे शीळ सुरू झाली. कुणीही बटण दाबलेलं नसताना, एका स्पीकरातून, मग दुसऱ्या, मग पाचही. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघ उमटत गेली. अण्णा आत्ताच उठले होते त्या खुर्चीची.

टोकाशी ती हळूच खाली वाकली. वेत करकरला.

"आली..." अण्णांचा चेहरा आनंदाने फुलला. "नीला आली गं!" त्यांनी एका झटक्यात हात सोडवून घेतला. कस्तुरी किंचाळली, पण त्या भरलेल्या खोलीत तिचा आवाज तिच्या ओठांपुढे गेला नाही. अण्णा खुर्चीपुढे जमिनीवर बसले आणि त्यांनी कुणाच्यातरी मांडीवर ठेवावं तसं डोकं खुर्चीच्या कडेला टेकवलं.

"हॅलो? कस्तुरी? बसलेत ना ते?" फोनमधून अमित विचारत होता.

अण्णांच्या कपाळावरचे पांढरे केस कुणीतरी हलकेच मागे सारले. अण्णांनी समाधानाने डोळे मिटले. मग ते केस पुन्हा हलले, दुसऱ्या बाजूने, सोफ्याकडून. आणि मग तिसऱ्या.